संडे स्कूल

संडे स्कूल म्हणजे ख्रिस्ती मंडळीने आपल्या मुलांसाठी रविवारी चालवलेला धर्मशिक्षणाचा वर्ग. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत त्याला शब्बाथ शाळाही म्हणतात. कॅथलिक धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या परिसरात, हेच काम धर्मशिक्षणाचे वर्ग करतात आणि मुलांची प्रथम ख्रिस्तप्रसादाची (पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याची) व पुढे दृढीकरणाची (विश्वास पक्का करणाऱ्या संस्काराची) तयारी तिथेच होते. गाणी, प्रार्थना, बायबलमधली एक गोष्ट, पाठ करायचे एक वचन आणि लहानांसाठी चित्र रंगवणे, असा साधारण तासाभराचा वर्ग असतो. शिकवणारे बहुधा मंडळीतलेच स्त्री-पुरुष असतात आणि ते त्याचे पैसे घेत नाहीत. मुलांना होणाऱ्या लाभाचे मूळ पुष्कळ अंशी या शेवटच्या गोष्टीत आहे.

मुलांना सुटीच्या दिवशी एकत्र करून शिकवण्याची रीत जुनी आहे. कास्तेल्लिनो दा कास्तेल्लो या धर्मगुरूने १५३६ मध्ये मिलान शहरात सणावारी भरणारे वर्ग सुरू केले. तिथे धर्माबरोबर वाचनही शिकवले जाई. १५४२ मध्ये गोव्यात आलेले फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत आणि जमलेल्या मुलांना प्रार्थना शिकवीत. फादर थॉमस स्टीफन्स यांची कोंकणीतली प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणपुस्तिका त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, गोव्यातल्या रायतूरला छापली गेली. मराठी वाचकाला ते ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून ठाऊक असतात, पण पुराणकाराइतकेच ते धर्मशिक्षकही होते, हे विसरले जाते.

आजच्या संडे स्कूलचा वंश मात्र इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावाशी जोडला जातो. तिथल्या ‘ग्लॉस्टर जर्नल’ या वृत्तपत्राचे मालक रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये गरीब मुलांसाठी रविवारचा वर्ग उघडला. त्याआधी १७६९ मध्ये हाय विकम इथे हॅना बॉल या मेथडिस्ट (एक प्रॉटेस्टंट पंथ) बाईंनी असाच वर्ग चालवला होता. ग्लॉस्टरमध्ये टाचण्यांचे कारखाने होते आणि त्यांत लहान मुले राबत. आठवड्याचे सहा दिवस काम, रविवार मोकळा, शाळा कुठेच नाही. रेक्स यांनी काही बायकांना दर रविवारी एक शिलिंग देऊन शिकवायला नेमले. मुलांकडून अपेक्षा एवढीच, की हात-तोंड धुऊन आणि केस विंचरून यावे. फाटक्या कपड्यांमुळे कुणाला परत पाठवायचे नाही, हे ठरलेले होते. मुले आधी वाचायला शिकत आणि मग प्रश्नोत्तरी पाठ करत.

रेक्स यांनी १७८३ मध्ये आपल्या वृत्तपत्रात याची माहिती छापली आणि कल्पना देशभर पसरली. १७८५ मध्ये लंडनमध्ये संडे स्कूल सोसायटी स्थापन झाली. वेल्समध्ये थॉमस चार्ल्स या धर्मोपदेशकाच्या प्रयत्नाने मुलांबरोबर मोठी माणसेही वर्गात बसू लागली. आई-बाप आणि लेकरे एकाच पुस्तकातून वाचायला शिकली. लेखनावरून मात्र बराच वाद झाला. बायबलसाठी वाचन हवेच, पण लिहिणे हे काम ठरते आणि विसाव्याच्या दिवशी काम करू नये, असे अनेक मंडळ्यांचे म्हणणे होते. तरी स्टॉकपोर्टसारख्या ठिकाणी हजारो मुलांना लेखनही शिकवले गेले. १८७० च्या कायद्याने प्राथमिक शाळांची सोय वाढू लागेपर्यंत इंग्लंडमधल्या कितीतरी कामकरी घरांतल्या मुलांना अक्षरओळख झाली ती याच वर्गांत. चळवळीचा हा सर्वांत मोठा आणि निर्विवाद लाभ.

भारतात १८७६ मध्ये अलाहाबादला इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली. महाराष्ट्रात १८१३ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेने अहमदनगर भागात मंडळ्या आणि शाळा उभ्या केल्या. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने आणि गीते आली आणि मराठी ख्रिस्ती मुलांना आपला विश्वास अभंग-ओवीच्या चालीत गाता येऊ लागला. परक्या चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांनी जे साधले नसते, ते या गीतांनी साधले. ‘उपासना संगीत’ हे मराठी गीतांचे पुस्तक उघडून आजी आणि नात एकच गीत म्हणतात, तेव्हा धर्मशिक्षणाचा मोठा भाग होऊन गेलेला असतो. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षण द्यायला संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने मनाई आहे. त्यामुळे हे काम मंडळी आणि घर यांच्याकडेच राहते. मे महिन्याच्या सुटीत भरणारी व्हेकेशन बायबल स्कूल, म्हणजे मुलांच्या तोंडची ‘व्हीबीएस’, हीदेखील याच कामाची शाखा आहे.

आज लाभाचा विचार अक्षरओळखीपलीकडे करावा लागतो. हार्वर्ड विद्यापीठातील यिंग चेन आणि टायलर व्हँडरवील यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच हजारांहून अधिक अमेरिकन मुलांचा ८ ते १४ वर्षे मागोवा घेतला होता. बालपणी किंवा किशोरवयात दर आठवड्याला उपासनेला जाणारी मुले, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, तरुणपणी आपण आनंदी असल्याचे सुमारे १८ टक्के अधिक सांगत होती. त्यांच्यात स्वयंसेवेचे प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी जास्त आणि अमली पदार्थांच्या सेवनाची शक्यता सुमारे ३३ टक्क्यांनी कमी आढळली. अभ्यासातली मुले बहुतांश गोरी आणि सुस्थितीतल्या घरांतली होती, त्यात पाहिली गेली ती एकूण उपासनेतली हजेरी, आणि अशा निरीक्षणातून कार्यकारणसंबंध पूर्णपणे सिद्ध होत नाही. तरीही वर्गात शिकवणाऱ्यांच्या अनुभवाशी हे निष्कर्ष जुळतात.

कारण मुलाला तिथे मिळते काय? आई-वडिलांखेरीज त्याला नावाने ओळखणारी, दर रविवारी भेटणारी, परीक्षेच्या आणि आजारपणाच्या दिवसांत त्याच्यासाठी प्रार्थना करणारी मोठी माणसे. गुणपत्रिकेवर त्याचे मोल न करणारी जागा. हरवलेले मेंढरू, उधळ्या पुत्र, चांगला शोमरोनी या येशूने सांगितलेल्या गोष्टींतून क्षमा आणि शेजारधर्म यांची चित्रे त्याच्या मनात बसतात. लाजऱ्या मुलालाही नाताळच्या कार्यक्रमात चार ओळी म्हणायला उभे केले जाते, आणि चुकला तरी टाळ्या मिळतात.

पण वर्ग एकटा फार दूर नेत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात १९७० मध्ये सुरू झालेल्या आणि अनेक पिढ्यांचा मागोवा घेणाऱ्या व्हर्न बेंग्टसन यांच्या अभ्यासात दिसले, की विश्वास पुढच्या पिढीत रुजण्यात घरातल्या नात्याची ऊब, विशेषतः वडिलांशी असलेली जवळीक, फार मोलाची ठरते. मुलांना दारात सोडून बाहेर थांबणाऱ्या पालकांनी हे मनावर घ्यायला हवे. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना किंवा कॅथलिक घरांतली रोजची जपमाळ, दहा मिनिटांची का असेना, वर्गात ऐकलेल्या गोष्टीला घरात जागा देते. हीच गरज ओळखून २००४ मध्ये इंग्लंडमध्ये पोर्ट्समथजवळ लूसी मूर यांनी ‘मेसी चर्च’ सुरू केले. तिथे मुले आणि पालक एकत्र हस्तकला करतात, गोष्ट ऐकतात, प्रार्थना करतात आणि एकत्र जेवतात. पुढे हा उपक्रम इतर अनेक देशांत पोहोचला.

नरकाची भीती घालून, किंवा इतर धर्मांच्या शेजाऱ्यांना कमी लेखून शिकवलेला धडा मुलाचे नुकसान करतो. मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारीही मंडळीचीच आहे. म्हणून अनेक देशांतील चर्च शिकवणाऱ्यांची पूर्वपडताळणी करतात आणि वर्गात एकाच वेळी किमान दोन मोठी माणसे असावीत असा नियम पाळतात. प्रत्येक मंडळीने, लहानातल्या लहानानेही, तो पाळलाच पाहिजे.