शिलाईचा दोरा

कापडाचे थर सुईने एकमेकांना जोडण्यासाठी वापरला जाणारा पीळदार, बहुधा दोन किंवा तीन पदरी धागा. मागावरचे सूत आणि हा दोरा दिसायला भावंडे असली, तरी दोघांच्या वाट्याला येणारे कष्ट फार वेगळे. सूत एकदा कापडात बसले की बसले. शिवणयंत्रावर मात्र प्रत्येक टाक्याला वरच्या दोऱ्याचा वीतभर वेढा खाली ओढला जातो, बॉबिनभोवतून, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाभोवतून, फिरतो आणि परत वर खेचला जातो. टाक्यात प्रत्यक्ष खर्च होतो तो दोन-तीन मिलिमीटर. म्हणजे दोऱ्याचा एकच तुकडा टाक्यात कायमचा बसण्यापूर्वी तीस-चाळीस वेळा सुईच्या नेढ्यातून आणि कापडातून घासला जातो. हाताने शिवताना उत्तम चालणारा दोरा मशीनवर का तुटतो, याचे उत्तर या घासण्यात आहे.

दोरा घेताना गिऱ्हाईक आणि पुष्कळदा दुकानदारही तो दोन्ही हातांनी ताणून ‘मजबूत आहे’ असा निकाल देतात. ही परीक्षा अपुरी आहे. शिवण कापडापेक्षा थोडी कमजोर असणे इष्ट असते, कारण जोर बसल्यावर दोरा तुटला तर शिवण पुन्हा घालता येते, पण कापड फाटले तर ठिगळच लावावे लागते. जुन्या वस्त्रांची डागडुजी करणारे तज्ज्ञ याच कारणाने बारीक, मऊ दोरा पसंत करतात. याउलट पिशवी, जीन्स, दप्तराचे पट्टे यांना मजबुती हवीच. म्हणून दोऱ्याची निवड कापडापासून सुरू होते, रंगापासून नव्हे. प्रत्यक्षात मॅचिंगच्या दुकानात आपण सगळे रंगापासूनच सुरुवात करतो, हा भाग वेगळा.

सुती शिलाई दोऱ्याचा कारखानदारी इतिहास स्कॉटलंडमधील पेझ्ली गावाशी जोडलेला आहे. नेपोलियनच्या युद्धांत, १८०६ च्या सुमारास, रेशीम मिळेनासे झाले तेव्हा तेथील क्लार्क घराण्याने कापसाचा गुळगुळीत, पीळदार दोरा काढला. पुढे शिवणयंत्रे आली. एलियास हाउ यांचे पेटंट १८४६ चे, आयझॅक सिंगर यांचे १८५१ चे. हातशिलाईचा तीन पदरी खळीचा दोरा यंत्राला मानवेना, म्हणून १८६० च्या दशकात मऊ सहा पदरी दोरा बाजारात आला. क्लार्क आणि त्याच गावातले प्रतिस्पर्धी कोट्स १८९६ मध्ये एक झाले. सुती दोऱ्याची चमक मात्र इंग्लंडमधल्या जॉन मर्सर यांच्यामुळे आली. कापसावर कॉस्टिक सोड्याचा संस्कार केला की तंतू फुगतो, रंग जास्त पितो आणि बळकट होतो, हे त्यांना १८४४ मध्ये आढळले. हा संस्कार सूत ताणून धरून केला तर लकाकीही येते, हे पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो यांनी दाखवले. रिळावर ‘मर्सराइज्ड’ लिहिलेले असते ते यामुळे.

दोऱ्याचे क्रमांक हा निवडीतला सर्वांत गोंधळाचा भाग. सुताच्या इंग्रजी क्रमांकात एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात ते मोजतात, त्यामुळे आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक. ५०/३ म्हणजे ५० नंबरच्या सुताचे तीन पदर, ५०/२ म्हणजे दोन. दोन्हींवर ‘५०’ असले तरी पहिला दुसऱ्याच्या दीडपट वजनाचा असतो, आणि नुसता पहिला आकडा पाहून घेणारा येथेच फसतो. टेक्स पद्धत याच्या उलट आहे. १,००० मीटर दोऱ्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे टेक्स, म्हणून आकडा वाढला की जाडी वाढते. ब्लाउज आणि शर्टांसाठी सर्रास वापरला जाणारा ४०/२ चा पॉलिएस्टर दोरा सुमारे ३० टेक्सचा भरतो. कोनावर, म्हणजे शंकूच्या आकाराच्या मोठ्या रिळावर, छापलेला १२० हा तिकीट क्रमांकही (दोऱ्याची जाडी सांगणारा आणखी एक आकडा) साधारण याच जाडीचा. भिन्न कंपन्यांचे दोरे ताडून पाहायचे असतील तर टेक्सवर विसंबावे, तेवढाच आकडा पदरांच्या घोळातून सुटलेला असतो.

आज दुकानात ‘साधा दोरा’ मागितला की बहुतेक वेळा हातात पडतो तो आखूड तंतूंपासून कातलेला पॉलिएस्टर. तो सुतीसारखाच किंचित केसाळ दिसतो. खात्री करायची तर टोक जाळावे. सुती दोरा कागदासारखा वास देत जळून राख होतो, तर पॉलिएस्टर आक्रसून त्याचा कडक मणी बनतो. पॉलिएस्टर ताणला जातो, आटत नाही, पावसाळी दमटपणात कुजत नाही, म्हणून रोजच्या कपड्यांना तो उत्तम आहे. त्याला कमी लेखण्याची हौशी शिवणकरांमध्ये रीत आहे, तिला फारसा आधार नाही. सुती दोऱ्याचे गुण निराळे: ओला झाला की तो अधिक बळकट होतो, कडक इस्त्री सहन करतो आणि सुती कापडाबरोबरच जुना होत जातो. रेयॉनचा चमकदार दोरा भरतकामाचा. भिजल्यावर त्याची ताकद बरीच घटते, तेव्हा शिवणीत तो घालू नये. नायलॉनचा पारदर्शक दोरा टाके लपवतो, पण गरम इस्त्रीखाली वितळतो आणि उन्हात ठिसूळ होतो.

सुती दोऱ्याची प्रत कापसाच्या तंतूच्या लांबीवर ठरते. तंतू लांब तर जोड कमी, जोड कमी तर केस कमी. त्यामुळे ३५ मिलिमीटरच्या आसपासचा इजिप्शियन, पिमा किंवा आपल्याकडचा सुविन हा कापूस उंची दोऱ्यासाठी मोलाचा मानला जातो. कापसाच्या तंतूची लांबी, बळ आणि कातण्याची योग्यता पारखण्याचे काम मुंबईत माटुंग्याच्या प्रयोगशाळेत १९२४ पासून चालू आहे. आज तिचे नाव केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी संशोधन संस्था असे आहे.

पिळाकडे कोणी लक्ष देत नाही, पण नेहमीच्या शिवणयंत्राला शेवटचा पीळ डावा, म्हणजे झेड अक्षराच्या मधल्या रेघेसारखा तिरपा लागतो. उलट पिळाचा दोरा टाक्यागणिक उकलत जातो आणि पदर सुटून तुटतो. भरतकामाच्या लडीतले काही दोरे मशीनवर नीट चालत नाहीत त्याचे हे एक कारण. गुंडाळणीचाही परिणाम होतो. समांतर गुंडाळलेले रीळ उभ्या खुंटीवर फिरत सुटावे, तिरकस गुंडाळलेल्या कोनाचा दोरा वरून निघावा. यात अदलाबदल झाली तर पीळ वाढतो किंवा घटतो, दोऱ्याला आकडे पडतात, आणि दोष बिचाऱ्या मशीनच्या माथी येतो.

दोऱ्याला सुई जुळावी लागते. सुईच्या अंगावर एक उभी खाच असते. खाली जाताना दोरा त्या खाचेत लपला पाहिजे. जुळणी पाहायची सोपी युक्ती अशी: हातभर दोरा सुट्या सुईत ओवून तिरपा ताणून धरावा. सुई आपोआप घसरली तर जुळणी बरी, अडकली तर सुई मोठी घ्यावी. सुती ब्लाउजला ११ नंबर, सर्वसाधारण कामाला १४, जाड थरांना १६ किंवा १८ हा शिंप्यांचा नेम. वर-खाली एकाच जाडीचा दोरा असला की ताण बसवणे सोपे जाते आणि दोन्ही दोऱ्यांची गाठ थरांच्या आत लपते.

गोधडी किंवा वाकळ हा या सगळ्याचा कस लावणारा प्रकार. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक घालून कडेपासून आत आत चौकोनी वळणांनी धावदोरा घालतात. कापड धुऊन धुऊन विरलेले असते, म्हणून येथे मऊ, तीन पदरी सुती दोराच योग्य. नवा चिवट पॉलिएस्टर विरलेल्या लुगड्याला टाक्यापाशी कापत जाण्याची भीती असते. हातशिलाईसाठी खळ किंवा मेण दिलेला दोरा चांगला, तो गुंतत नाही आणि जाड थरांतून सरसर जातो. हाच दोरा मशीनवर चढवणे मात्र टाळावे. त्याचा लेप वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या चकत्यांमध्ये साचतो, मग ताण कितीही फिरवला तरी टाका जुळत नाही. कुणाची तरी मशीन ‘बिघडली’ म्हणून उघडून पाहावी आणि चकत्यांमधून मेणाचे पापुद्रे निघावेत, असा प्रसंग शिवणकाम शिकवणाऱ्यांना नवा नाही. मशीनवर गोधडी घालताना टाका तीन-चार मिलिमीटरचा ठेवावा आणि सुती दोऱ्याची कुसं बॉबिनच्या घरातून वरचेवर झाडावीत.

रंगाबाबत दोन गोष्टी. रिळावर दिसणारा रंग आणि एकेरी दोऱ्याचा रंग यांत फरक पडतो. दोऱ्याची एक फेरी कापडावर ठेवली की ती फिकट दिसते, म्हणून नेमकी छटा नसेल तर एक छटा गडद घ्यावी. नाना रंगांच्या तुकड्यांच्या कामाला मध्यम राखाडी रंग सगळीकडे खपतो. लाल, काळा, गडद निळा हे दोरे पांढऱ्या कापडावर वापरण्याआधी ओल्या पांढऱ्या चिंधीत चुरगळून पाहावेत.

किती दोरा लागेल याचाही अंदाज आधी बांधता येतो. मशीनच्या साध्या टाक्याला शिवणीच्या लांबीच्या सुमारे अडीचपट दोरा लागतो, वरचा आणि खालचा मिळून. सहा बाय चार फुटांच्या गोधडीला इंचाइंचावर ओळी घातल्या तर शिवण जवळपास ८८ मीटर होते, म्हणजे दोरा २२० मीटर, आणि थर जाड असतील तर त्याहून जास्त. हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा चालतो, त्यामुळे तीच गोधडी त्याच्या निम्म्या दोऱ्यात होते. एकाच रंगाची दोन रिळे घ्यायची असतील तर ती एकदमच घ्यावीत, पुढच्या खेपेच्या रंगात फरक असतो.