हॅमस्ट्रिंग स्ट्रेचिंगअभावी जात नाही
"नीट स्ट्रेचिंग केलं नसणार, म्हणून हॅमस्ट्रिंग गेलं." मांडीमागच्या स्नायूला, म्हणजे हॅमस्ट्रिंगला, दुखापत झाली की ऑस्ट्रेलियन फुटबॉल बघताना हे हमखास ऐकू येतं. खरं कारण वेगळं आहे. एएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या मुख्य लीगमध्ये, १९९२पासून दुखापतींची नोंद होते. हॅमस्ट्रिंग त्यात कायम आघाडीवर. हा स्नायू बहुधा फाटतो तो भरधाव धावताना, पुढे फेकलेला पाय टेकण्याच्या ऐन आधी. तेव्हा तो लांबतही असतो आणि पायाला आवरतही असतो. तिथे लवचीकपणापेक्षा ताकद कामी येते. म्हणून क्लबांत नॉर्डिक नावाचा व्यायाम करून घेतात: गुडघ्यांवर उभं राहायचं, सहकाऱ्याने घोटे दाबून धरायचे आणि धड ताठ ठेवून इंचाइंचाने पुढे झुकायचं. (दिसतं सोपं, दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही.) मोठा धोका मात्र जुन्या दुखापतीचाच. त्यामुळे नुसतं दुखायचं थांबून भागत नाही, मैदानात परतण्याआधी पूर्ण वेगाने धावून दाखवावं लागतं.