‘स्टॉप लॉस काढा’ असा फोन करण्यापूर्वी

बाजार घसरू लागला की आमच्या शेअर दलालीच्या कचेरीतले सगळे फोन एकदम वाजतात आणि बहुतेकांचं काम एकच असतं: “माझा स्टॉप लॉस जरा खाली घ्या,” नाहीतर “काढूनच टाका, भाव येईल परत.” त्यातल्याच काहींचा दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन येतो, एवढा तोटा झालाच कसा म्हणून. हे पत्रक त्यासाठी. स्टॉप लॉस म्हणजे भाव ठरलेल्या पातळीला (ट्रिगरला) उतरला की आपोआप विक्री करणारी ऑर्डर; ती कशी टाकायची हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चाललो आहोत.

समजा भांडवल १ लाख आहे आणि एका सौद्यात १ टक्का, म्हणजे १,००० गमावायची तयारी आहे. शेअर २०० ला घ्यायचा, स्टॉप लॉस १९० ला. फरक १० चा, म्हणून शेअर १००. किती शेअर घ्यायचे हे स्टॉप लॉसवरून ठरलं, हे विसरू नका. भाव १९१ ला आल्यावर तुम्ही स्टॉप लॉस १८० वर नेलात, तर शेअर तेवढेच राहिले आणि जोखीम दुप्पट झाली. १८० च मनात होता तर सुरुवातीलाच ५० शेअर घ्यायचे होते. मग १८० चा १७० होतो, आणि शेवटी “आता एवढा उतरलाय तर विकून काय मिळणार” म्हणत इंट्राडेचा (त्याच दिवशी मिटवायचा) सौदा डिलिव्हरीत जातो, म्हणजे शेअर खात्यात पडून राहतात.

लागोपाठ १० सौदे चुकणं कोणाच्याही वाट्याला येतं. दर वेळी १ टक्काच गेला तर भांडवल साधारण साडेनऊ टक्क्यांनी घटतं आणि सुमारे साडेदहा टक्के कमावले की भरून निघतं. स्टॉप लॉस सरकवत दर वेळी ५ टक्के घालवले, तर ४० टक्के भांडवल जातं. उरलेल्यावर ६७ टक्के मिळवाल तेव्हा कुठे मुद्दल हाती येईल.

असा फोन करणारा माणूस अडाणी नसतो. तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा तोटा जास्त झोंबतो आणि तो टाळण्यासाठी माणूस मोठा जुगार खेळतो, हे कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं. कसलेले लोकही यात सापडतात. जानेवारी १९९५ मध्ये कोबेच्या भूकंपानंतर जपानचा निर्देशांक पडत असताना ब्रिटनच्या बेरिंग्ज बँकेसाठी सौदे करणाऱ्या निक लीसनने तोट्यातली खरेदी आणखी वाढवली. १७६२ पासून चालत आलेली बँक पुढच्याच महिन्यात बुडाली.

“स्टॉप लॉस लागला आणि भाव लगेच वर गेला, मुद्दाम उडवला का?” हाही नेहमीचा प्रश्न. नाही. भाव ट्रिगरला पोचला की ऑर्डर आपोआप बाजारात जाते, त्यात आमचा हात नसतो. बहुतेक वेळा चुकलेली असते ती जागा. जो शेअर एरवीही दिवसाला ७-८ ने हलतो, त्याला ३ खाली स्टॉप लॉस लावला तर तो लागणारच. चार्टवर १४ दिवसांचा एटीआर, म्हणजे शेअर दिवसाला सरासरी किती हलतो तो आकडा, बघा, स्टॉप लॉस त्या हालचालीच्या पलीकडे ठेवा आणि त्या प्रमाणात शेअर कमी करा. हे सगळं सौदा घेण्याआधी. अर्थात स्टॉप लॉस म्हणजे हमी नव्हे. बाजार गॅप देऊन, म्हणजे आदल्या दिवशीच्या भावापेक्षा एकदम खाली, उघडला तर पुढे जो भाव मिळेल त्यावर सौदा सुटतो, आणि लिमिटची (अमुक भावाखाली विकू नका अशी) ऑर्डर असेल तर कदाचित सुटतही नाही. रात्रभर ठेवायची पोझिशन म्हणूनच लहान हवी.

आता आमच्या पद्धतीबद्दल. स्टॉप लॉस खाली घ्यायचा फोन आला की सौदा घेताना तुम्ही पाठवलेलं कारण आम्ही वाचून दाखवतो आणि आता काय बदललं ते विचारतो. काहींना याचा राग येतो. ऑर्डर तुमची आहे, तुम्ही ठाम असाल तर आम्ही बदलतो. पण बरेच जण ते ऐकून स्वतःच “राहू द्या” म्हणतात. दलाली आम्हाला सौद्यामागे मिळते, तरी कमी सौदे करा असंच आम्ही सांगतो. बार्बर आणि ओडीन या संशोधकांनी अमेरिकेतल्या ६६,४६५ कुटुंबांची १९९१ ते १९९६ ची खाती तपासली. सर्वाधिक सौदे करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले, तेव्हा बाजाराने १७.९ टक्के दिले होते. शिवाय भांडवल शाबूत असलेला ग्राहक वर्षानुवर्षं राहतो, हा आमचा स्वार्थ.

तोटा झाला की लगेच ‘भरून काढायचा’ सौदा घेणारे असाल, तर खात्यावर रोजच्या तोट्याची मर्यादा लावून घ्या. आकडा तुम्हीच ठरवायचा. तो गाठला की त्या दिवशी नवीन सौदा घेता येत नाही, आणि मर्यादा वाढवली तरी ती दुसऱ्या दिवसापासून लागू होते. याचे पैसे आम्ही घेत नाही. सौद्यांची नोंदवहीही खातेदारांना मोफत देतो. महिनाअखेरीस ती आणलीत तर एकत्र बसून बघू.

नफ्यातल्या सौद्याचा स्टॉप लॉस वर घ्यायचा असेल तर मात्र फोनची गरज नाही, एक मेसेज पुरे. त्याला आम्ही कारण विचारत नाही.