हंबोल्टचा आठवड्याचा हवामान अंदाज आणि तुमची गाडी: बुकिंग कधी करायचं

इथे कॅनडातल्या सस्कॅचेवानमधल्या हंबोल्टला कडाक्याची थंडी पडली की आमच्या गॅरेजला सकाळी सात ते नऊ एकच फोन येत राहतो, "दादा, गाडी स्टार्ट होत नाहीये, फोरकास्टमध्ये तर उणे २३ च होतं." तो आकडा दुपारचा असतो. म्हणून हे लिहून काउंटरवर ठेवलंय आणि व्हॉट्सॲपवरही टाकतोय, घरात सकाळी पहिली गाडी जो काढतो त्याला नक्की वाचायला द्या.

वेदरकॅन या कॅनडा सरकारच्या हवामान ॲपवर हंबोल्ट टाकलं की पुढच्या दिवसांचा हाय आणि रात्रीचा लो असे दोन आकडे दिसतात. आपली नजर हायवर जाते, पण गाडीसाठी बघायचा तो लो. आणि नवीन आलेल्यांच्या हे लक्षात येत नाही की आपल्याकडे इथे घड्याळ वर्षभर बदलत नाही, जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य नऊनंतर उगवतो, आणि पारा सगळ्यात खाली जातो तो साधारण सूर्योदयाच्या आसपास. म्हणजे तुम्ही साडेसातला शिफ्टला निघता तेव्हा रात्रीचा लो संपलेला नसतो, बरेचदा अजून यायचाच असतो.

आता आठवडा कसा वाचायचा ते सांगतो. समजा सोमवारी ढग, उणे ११, थोडा बर्फ. मंगळवारी वायव्येचा वारा ताशी ४० किलोमीटरचा, झोत ६० चे, हायवे ५ वर उडणाऱ्या बर्फाने समोरचं दिसत नाही. बुधवारपासून सलग सूर्याचं चित्र. ते बघून लोक निर्धास्त होतात आणि नेमकी तीच रात्र गाडीला भारी पडते, कारण ढग असले की जमिनीची ऊब अडून राहते, आकाश मोकळं झालं आणि वारा पडला की ती वर निघून जाते, त्यात आर्क्टिककडची हवा येऊन बसलेली असते, मग उणे ३५ सहज होतं. बर्फ, मग वारा, मग दोन-तीन दिवस सूर्य असा क्रम दिसला की ढगाळ दिवसातच आम्हाला फोन करा. पाचव्या-सहाव्या दिवसाचा आकडा इकडेतिकडे होतो हे खरं, पण थंडी येतेय एवढं त्यातून बहुतेक वेळा कळतं, आणि बुकिंगला तेवढं पुरतं.

विंड चिलबद्दलही रोज विचारतात. विंड चिल म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणारी जास्तीची थंडी, ते उघड्या कातडीसाठी असतं. हवा उणे ३० असेल तर वारा कितीही असो, इंजिन उणे ३० च्या खाली जात नाही, तिथपर्यंत लवकर पोचतं एवढंच. मुलांना बसला सोडताना मात्र विंड चिलच बघा, उणे ४० च्या पुढे दहा मिनिटांच्या आत कातडी गोठू शकते.

लो उणे १५ च्या खाली दिसला की ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) प्लग इन करा असं आम्ही सगळ्यांना सांगतो. घरी टायमर लावून निघायच्या तीन-चार तास आधी चालू होऊ द्या, रात्रभर ठेवून नुसतं बिल वाढतं. काही अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये प्लगला वीज थांबून थांबून येते, तिथे टायमर नको, रात्रभर राहू द्या. लावल्यावर बॉनेटजवळ कान द्या, पाणी उकळायला लागताना येतो तसा बारीक सूं आवाज आला तर हीटर चालू आहे. आवाज नसेल तर आधी वायर बघा, थंडीत ती कडक होते, ग्रिलपाशी वाकते आणि तिथेच आतून तुटते. प्लगच्या पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर ती वायर वापरू नका, बदलून घ्या.

काही जण नाराज होतात की बूस्टला (दुसऱ्या बॅटरीला केबल जोडून गाडी चालू करायला) बोलावलं तरी आम्ही आधी बॅटरी तपासतो आणि कधीकधी नाही म्हणतो. उतरलेली बॅटरी आतून गोठते, बाजू फुगलेल्या दिसतात, तिला केबल लावली तर फुटून ॲसिड अंगावर येऊ शकतं. अशी बॅटरी आम्ही आत आणून पूर्ण वितळू देतो मगच हात लावतो, त्यात तुमची शिफ्ट चुकते हे आम्हालाही कळतं, पण तिथे घाई करणार नाही. थंडीत बॅटरीचं बळ कमी होतं आणि ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त बळ लागतं, त्यामुळे सप्टेंबरात ठीक वाटणारी चार-पाच वर्षांची बॅटरी जानेवारीत दगा देते.

ऑइल चेंजला आलात की बॅटरीचा लोड टेस्ट आम्ही फुकट करून देतो, अर्धा तास आधी या म्हणजे गाडी घाईत बघावी लागत नाही. ब्लॉक हीटर बसवायचा असेल तर गाडी सकाळी सोडा, संध्याकाळी न्या. थंडीची लाट सुरू झाल्यावर बंद पडलेल्या गाड्या आधी घेतो, तेव्हा बसवायच्या कामाला आठवडाभर थांबावं लागू शकतं. येताना घरची एक्स्टेंशन वायरही आणा, हीटर चांगला असून वायरच गेलेली असं बरेचदा निघतं, आणि ती तपासायचे पैसे आम्ही घेत नाही.