एजी म्हणजे नेमकं कोण? हिशेब लिहिणारे महालेखापाल आणि हिशेब तपासणारे महालेखापाल

शासन निर्णयाच्या शेवटी 'प्रत' म्हणून जी लांबलचक यादी असते, तिच्यात दोन ओळी हमखास सापडतात. एक 'महालेखापाल (लेखा व अनुज्ञेयता)' आणि दुसरी 'महालेखापाल (लेखापरीक्षा)'. बहुतेक जण कंस न वाचताच पुढे जातात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. निवृत्तीला आलेला लिपिक काळजीने विचारतो, "ऑफिसचा ऑडिट पॅरा बाकी आहे, एजी माझी पेन्शन अडवेल का हो?" (ऑडिट पॅरा म्हणजे हिशेब तपासताना काढलेला लेखी आक्षेप.) दोन्ही कार्यालयांना बोलताना 'एजी'च, म्हणजे अकाउंटंट जनरलच, म्हणतात, त्यामुळे त्याचा दोष नाही. पण शासकीय नोकरीत तीस वर्षं काढलेली माणसंही हे एकच समजून चालतात, याचं मला फार वाईट वाटतं.

कॅग, म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. राज्यघटनेचा अनुच्छेद १४८, कार्यकाळ सहा वर्षं किंवा वयाची ६५ वर्षं यांपैकी आधी येईल ते, आणि पदावरून दूर करायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखीच प्रक्रिया. वर सांगितलेले दोन्ही महालेखापाल याच कॅगच्या हाताखाली काम करतात. राज्य सरकारचे ते नोकर नाहीत. लेखा व अनुज्ञेयतावाल्या महालेखापालांची मुंबई आणि नागपूर ही विभागणी फक्त भूगोलाची आहे: विदर्भ आणि मराठवाडा नागपूरकडे, बाकी महाराष्ट्र मुंबईकडे.

खरा फरक कामाचा आहे. लेखा व अनुज्ञेयतावाले महालेखापाल राज्याची वही लिहितात. जिल्ह्याजिल्ह्याच्या कोषागारांतून दरमहा हिशेब आणि प्रमाणकं (व्हाउचर) त्यांच्याकडे येतात. कोणता खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली पडला हे लावून ते मासिक हिशेब संकलित करतात आणि वर्षअखेरीला वित्तलेखे (राज्याच्या जमाखर्चाचा वार्षिक हिशेब) व विनियोजन लेखे (मंजूर तरतुदीसमोर झालेला खर्च) तयार होतात. 'अनुज्ञेयता' म्हणजे कर्मचाऱ्याला काय देय आहे ते ठरवणं. सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडून तपासून झालं (हे पथक राज्य सरकारचं, एजीचं नव्हे), की कार्यालय पेन्शन केस पाठवतं. एजी अर्हताकारी सेवा, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा, मोजतात, पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) काढतात आणि पैसे कोषागार देतं. जीपीएफची (भविष्य निर्वाह निधीची) वार्षिक विवरणपत्रंही इथूनच येतात. एखाद्या महिन्याची वर्गणी खात्यात दिसत नसेल तर पत्र इथेच लिहायचं.

लेखापरीक्षावाल्यांना तुमच्या पेन्शनशी काही देणंघेणं नाही. त्यांची ऑडिट पार्टी कार्यालयात येऊन बसते, रोकडवही, निविदा, करार आणि उपयोगिता प्रमाणपत्रं मागते, अर्धसमास ज्ञापनं, म्हणजे जागेवरच खुलासा मागणाऱ्या लेखी विचारणा, देते. नंतर निरीक्षण अहवाल येतो आणि त्याचं पहिलं उत्तर चार आठवड्यांत द्यायचं असतं. उत्तर पटलं तर पॅरा निकाली निघतो. गंभीर मुद्दा मात्र वर चढत चढत कॅगच्या अहवालात जातो. अनुच्छेद १५१ प्रमाणे तो अहवाल राज्यपालांकडे आणि तिथून विधिमंडळासमोर येतो आणि पुढे विधिमंडळाची लोकलेखा समिती सचिवांना बोलावून विचारते. या सगळ्या साखळीत कुणालाही शिक्षा करण्याचा अधिकार लेखापरीक्षकाला नाही. एखाद्या कर्मचाऱ्याकडून वसुली करायची की नाही, हे त्याचं खातं नियमांनुसार ठरवतं. म्हणून 'कॅगने दोषी ठरवलं' हा मथळा चूक आहे आणि तो मी जिथे दिसेल तिथे दुरुस्त करायला सांगतो. आक्षेप हा निकाल नसतो.

'नियंत्रक' या शब्दानेही असाच गैरसमज होतो. पैसे बाहेर पडताना कॅग कुठेही सही करत नाहीत. बिल पास होतं कोषागारात, मुंबईत अधिदान व लेखा कार्यालयात. तेव्हा 'कॅगने हा खर्च होऊच कसा दिला' हा प्रश्न चुकीच्या दारात विचारलेला असतो.

एकच नाव दोघांना का चिकटलं, याचं कारण जुनं आहे. १९८४ पर्यंत राज्यातला एजी हिशेबही लिहायचा आणि तपासायचाही. त्या वर्षी कार्यालयं आणि कर्मचारी वेगळे झाले, पण बोलण्यातला 'एजी' तसाच राहिला. केंद्रात ही फारकत १९७६ मध्येच झाली आणि ती जास्त पक्की आहे. तिथे हिशेब संकलित करण्याचं काम कॅगकडून काढून अर्थ मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या लेखा महानियंत्रकांकडे, म्हणजे सीजीएकडे दिलं. सीएजी (म्हणजेच कॅग) आणि सीजीए ही अक्षरांची उलटापालट नव्हे. सीजीए सरकारचा आहे, सीएजी सरकारचा नाही.

राज्यांत मात्र वही अजून कॅगच्याच माणसांकडे आहे. गोवा याला अपवाद. तिथे पणजीच्या फाझेंदा इमारतीतलं राज्य सरकारचं लेखा संचालनालय हिशेब तयार करतं आणि कॅग ते फक्त तपासतात. तत्त्वाला धरून बोलणारे म्हणतात, सगळीकडे गोव्यासारखंच हवं, कारण लिहिणारा आणि प्रमाणित करणारा एकाच छत्राखाली असू नये. मुद्दा वजनदार आहे, तरी मला महाराष्ट्रातली पद्धत बरी वाटते. आपल्याकडे प्रत्येक विभागाला आपले खर्चाचे आकडे महालेखापालांच्या आकड्यांशी जुळवावे लागतात. या कामाला ताळमेळ म्हणतात. कंटाळवाणं काम आहे, पुष्कळ कार्यालयं ते मार्चपर्यंत ढकलतात. पण विभागाची वही आणि बाहेरच्याने लिहिलेली वही यांत फरक पडला, तर तो ऑडिट पार्टी येण्याच्या कितीतरी आधी, त्या ताळमेळाच्या कागदावरच दिसतो.