लोकरीवर रंग बसतो तो तुरटीच्या जोरावर

थंडीची चाहूल लागली की रील्सवर एक प्रकार हमखास सुरू होतो. बीट किसायचं, उकळायचं, त्यात पांढऱ्या लोकरीची लडी बुडवायची, बाहेर काढली की झकास राणी कलर, आणि खाली लिहिलेलं असतं '100 टक्के केमिकल फ्री'. व्हिडिओ तिथंच संपतो. पुढचं कोण दाखवणार? थोडी धुणी आणि थोडं ऊन झालं की त्या राणी कलरचा मळकट बदामी होतो.

बीटातला रंग म्हणजे बेटानिन. तो पाण्यात सुरेख विरघळतो आणि तीच अडचण आहे, पाण्याबरोबर आला तसा पाण्याबरोबर जातो, शिवाय उकळताना मोडतो ते वेगळंच. जास्वंदीचंही थोड्याफार फरकानं तसंच. डोळ्याला भडक दिसणारं फूल धाग्यालाही रंगवेल ही आपली समजूतच मुळात चुकीची आहे.

झेंडूचंच बघा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोलापुरात टिळक चौक, मधला मारुती भागात न विकलेल्या झेंडूचे ढीग पडलेले असतात आणि ही फुलं लोकर रंगवायला खरोखर चांगली आहेत, पण त्यांचा जो केशरी रंग आपल्याला दिसतो तो नव्हे! तो असतो ल्युटीन, गाजराच्या रंगाच्या घराण्यातला, तेलात विरघळणारा. तो पाण्यात उतरतच नाही, पाकळीतच राहतो. (हेच ल्युटीन कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, अंड्याचा बलक पिवळाधमक दिसावा म्हणून.) लोकर रंगवतात ती त्याच पाकळीतली दुसरी मंडळी, फ्लॅव्होनॉल. ती पाण्यात आली तरी फिकट पिवळसर दिसतात, बघून कुणाला वाटणार नाही की ह्यातून काही निघेल. कांद्याच्या वाळक्या सालीत ह्यांचाच चुलतभाऊ असतो, क्वेर्सेटिन. आपल्या मार्केट यार्डात कांद्याच्या सीझनला पायाखाली जो पाचोळा येतो तो सगळा हाच.

आता मला आवडणारा भाग, जरा दमानं वाचा. लोकर म्हणजे केराटिन, म्हणजे प्रोटीन, आपल्या केसांचंच. त्याच्या साखळीवर जागोजागी आम्लाचे गट असतात, कार्बन आणि ऑक्सिजनचे. ह्या गटांना नुसत्या फ्लॅव्होनॉलला घट्ट धरता येत नाही, ओढ असते पण ती कमजोर. तुरटी पाण्यात घातली की अ‍ॅल्युमिनियमचा आयन सुटा होतो, तीन धन भार असलेला, आणि त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू चिकटलेले असतात, म्हणजे त्याला एकूण सहा हात आहेत असं धरा. लोकर ह्या पाण्यात तासभर गरम केली की तो काही हात मोकळे करून केराटिनच्या ऑक्सिजनला धरतो. मग ती लोकर झेंडूच्या काढ्यात गेली की उरलेल्या हातांतले दोन फ्लॅव्होनॉलला धरतात, आणि तेही कुठंही नाही, तर जिथं एक हायड्रॉक्सिल आणि एक कार्बोनिल ऑक्सिजन शेजारी शेजारी आहेत तिथंच. एकाच रेणूला दोन ठिकाणी धरल्यामुळं धातू, रंग आणि थोडा कार्बन मिळून एक बंद कडं तयार होतं आणि असं कडं सहजी उघडत नाही. इंग्रजी माध्यमवाले ह्याला किलेशन म्हणतात.

गंमत पुढं आहे. कडं झालं की रंगाच्या रेणूतल्या इलेक्ट्रॉनची मांडणीही बदलते. एकट्या क्वेर्सेटिनचा प्रकाश शोषण्याचा शेवटचा पट्टा 370 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतो, म्हणजे जवळपास अतिनीलात, म्हणून तो फिकट दिसतो. अ‍ॅल्युमिनियम बसला की पट्टा 430 च्या जवळ सरकतो, म्हणजे जांभळा-निळा प्रकाश गिळला जातो आणि आपल्याला कडक पिवळा दिसतो. म्हणजे तुरटी रंग पक्का करते एवढंच खरं नाही, ती रंग घडवते सुद्धा. आणि 'केमिकल फ्री' वाल्यांनी ऐकावं, तुरटी म्हणजे पोटॅशियम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, चांगलं खणखणीत केमिकल आहे.

तुरटीच्या जागी हिराकस, म्हणजे लोखंडाचं सल्फेट, टाकला तर तोच काढा ऑलिव्ह, करडा, कधी जवळजवळ काळा रंग देतो. ह्याचा सगळ्यात चांगला नमुना म्हणजे डाळिंबाची साल, आणि तिचा आपल्याकडं काय तोटा? सांगोल्यापासून मंगळवेढ्यापर्यंत डाळिंबं, केगावला तर राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रच आहे. सालीत टॅनिन, म्हणजे तुरट चव देणारं द्रव्य, ठासून भरलेलं असतं. तुरटीवर ती पिवळा देते. हिराकसाच्या पाण्यात बुडवून लडी बाहेर काढली तर आधी राखाडी दिसते आणि हवेत धरली की डोळ्यांदेखत काळपट होत जाते, कारण हवेतला ऑक्सिजन दोन भारांच्या लोखंडाला तीन भारांचं करतो आणि ते टॅनिनला धरून बसलं की सगळ्याच रंगांचा प्रकाश थोडाथोडा गिळतं. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तो ह्याच कारणानं, जुनी काळी शाईही अशीच व्हायची. मात्र हिराकस लोकरीच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांवर नेऊ नये, लोखंडानं धागा कडकडीत होऊन तुटायला लागतो.

जाता जाता एक. हात धुवून कावीळ उतरवणारे अजून गावोगाव आहेत. हाताला आधी आंब्याच्या अंतरसालीचा रस चोळतात आणि मग चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात, पाणी पिवळं होतं आणि लोक म्हणतात बघा कावीळ उतरली. चुना म्हणजे अल्कली, त्यात सालीतला रंग बदलतो, निरोग्या माणसाचे हात धुतले तरी पाणी पिवळंच होणार. रंगाऱ्याच्या पातेल्यातलीच केमिस्ट्री ही, फक्त इथं पेशंटचं लिव्हर पणाला लागलेलं असतं. डॉक्टरकडं जा.

करून बघायचं असेल तर लोकर पांढरी घ्या. घोंगडीची काळी लोकर चालणार नाही, त्यात मेंढीचंच मेलॅनिन, म्हणजे काळं रंगद्रव्य, आहे, त्यावर झेंडू काय दिसणार. आधी रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवून लोकरीचा तेलकटपणा काढा, धुण्याचा सोडा नको, अल्कलीत केराटिनचे गंधकाचे दुवे तुटतात. 100 ग्रॅम लोकरीला 12 ते 15 ग्रॅम तुरटी पुरते. चिमूटभर चिंचेचं पाणी घातलं तर टार्टरिक आम्ल अ‍ॅल्युमिनियमला हळूहळू सोडतं आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी न बसता सारखा बसतो. खळखळून उकळू नका, 80-85 अंशांवर ठेवा आणि पातेल्यातच गार होऊ द्या. गरम लोकर एकदम गार पाण्यात घालून चोळली की धाग्यावरचे खवले एकमेकांत अडकतात आणि मऊ लडीचा नमदा, म्हणजे दाटून बसलेला जाड गोळा, होऊन बसतो.

आपलं गाव चादर-टॉवेलचं, म्हणून सुताचं विचारलं जाणारच. सुतात प्रोटीन नाही, नुसतं सेल्युलोज, तिथं तुरटीला धरायला जागा कमी. म्हणून सूत आधी हिरड्याच्या किंवा डाळिंबसालीच्या पाण्यात भिजवून टॅनिन चढवायचं, मग तुरटी, मग रंग. मोहेंजोदडोला मंजिष्ठाच्या जातीच्या मुळानं रंगवलेल्या सुती कापडाचा तुकडा सापडलाय, म्हणजे सूत रंगवायची डोकेबाजी चार हजार वर्षं जुनी आहे. त्या जातीच्या मुळातला लाल रंग, अलिझारिन, 1868 मध्ये ग्रेबे आणि लिबरमान ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनवला आणि मग युरोपातली मुळांची शेती बसली. रेणू तोच, स्वस्तात.

हळदीच्या नादी मात्र लागू नका. तुरटी नसली तरी ती लगेच बसते, दिसते भारी, आणि उन्हात सगळ्यात आधी तीच जाते. खात्री करायची तर प्रत्येक रंगाचा एक धागा पुठ्ठ्यावर गुंडाळा, अर्धा भाग काळ्या कागदानं झाका आणि गच्चीवर ठेवून द्या. सोलापूरचं एप्रिलमधलं ऊन असेल तर फार दिवस थांबावं लागणार नाही. झेंडू थोडा उतरेल, डाळिंब-हिराकस बऱ्यापैकी टिकेल.