युरोपात रेल्वेने चार-पाच देश: शेंगेन व्हिसा आणि युरेल पासची पात्रता, कागदपत्रे आणि क्रम

गाडी भाड्याने न घेता रेल्वे-बसने युरोप फिरायचं ठरवलं की आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढायची भानगड वाचते. कागदपत्रांची दोन कामं मात्र उरतात, शेंगेन व्हिसा आणि अनेक देशांच्या गाड्यांत चालणारा रेल्वेचा पास. पासवर सवलत दिसली की बरेच जण आधी तोच घेऊन मोकळे होतात. क्रम उलट हवा: आधी मार्ग कागदावर, मग व्हिसा, पास सगळ्यात शेवटी.

अर्ज कोणत्या देशाकडे?

शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातल्या सीमांवर नेहमीची तपासणी नसलेल्या देशांच्या गटात, सध्या २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ मध्ये आला. बल्गेरिया आणि रुमेनियाच्या जमिनीवरच्या सीमाही १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या. या सगळ्यांना मिळून एकच व्हिसा लागतो, पण अर्ज करायचा तो जिथे मुक्काम सर्वाधिक त्या देशाकडे. विमान कुठे उतरतं याला इथे महत्त्व नाही. समजा फ्रँकफर्टला उतरून जर्मनीत ३ दिवस, ऑस्ट्रियात ४, इटलीत ५ आणि स्वित्झर्लंडमध्ये २ दिवस असा बेत आहे, तर अर्ज इटलीकडे जाईल. जर्मनी आणि इटली दोन्हीकडे सारखेच दिवस असतील, तर आधी पाऊल ठेवणार त्या जर्मनीकडे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज टाकायचा सल्ला काही एजंट देतात. तो ऐकू नका. मुक्कामाचा तक्ता आणि अर्ज जुळले नाहीत की प्रकरण तिथेच अडकतं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, शंका आली तर ४५ पर्यंत. मे-जूनमध्ये जायचं असेल तर फेब्रुवारीतच हालचाल करा, कारण खरी टंचाई अपॉइंटमेंटची असते. बहुतेक देशांचे अर्ज व्हीएफएस या खासगी कंपनीच्या केंद्रांवर घेतले जातात, स्पेनचे बीएलएस या कंपनीकडे. निर्णय मात्र वकिलातीचाच. केंद्रावरचा माणूस फक्त कागद घेतो आणि बोटांचे ठसे उमटवतो. ठसे ५९ महिने चालतात, १२ वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वयाच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. व्हिसा नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत.

कागदपत्रे

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. सही केलेला अर्ज, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा जोडायचा. विमा सगळ्या शेंगेन देशांत आणि पूर्ण मुक्कामासाठी लागू असला पाहिजे. आर्थिक बाजूसाठी बँकेच्या शिक्क्याचं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्र. नोकरदारांनी पगाराच्या स्लिपा आणि कंपनीचं रजेचं पत्र, निवृत्तांनी पेन्शनचा पुरावा जोडावा. शेतकऱ्यांनी सातबारा आणि शेतमाल विक्रीच्या पावत्या इंग्रजी भाषांतरासह द्याव्यात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यावर अचानक मोठी रक्कम आली असेल तर ती कुठून आली हेही अर्जासोबतच्या पत्रात (कव्हरिंग लेटर) लिहा.

आता रेल्वेने जाणाऱ्यांचा खास मुद्दा. अर्ज तपासणारा प्रत्येक रात्रीचा मुक्काम जुळवून पाहतो. रात्रगाडीने प्रवास असेल तर त्या रात्रीचं हॉटेल नसतं आणि तक्त्यात भोक पडतं. म्हणून तारीख, कुठून कुठे, गाडी की बस आणि रात्र कुठे असा तक्ता कव्हरिंग लेटरसोबत द्या. म्युनिकहून रात्रगाडीने रोमला जाणार असाल तर मुक्कामाच्या रकान्यात ‘रात्रगाडी, म्युनिक ते रोम’ असं स्पष्ट लिहा. हॉटेल रद्द करता येण्याजोगंच घ्या. गाड्यांच्या तिकिटांबाबत प्रत्येक वकिलातीची यादी वेगळी असते; ती वाचूनच पैसे भरा.

मध्येच शेंगेनबाहेर

रेल्वेच्या नकाशावर सीमा दिसत नाहीत, त्यामुळे इथे घोटाळा होतो. युरोस्टार गाडीने लंडनला गेलात किंवा बुडापेस्टहून सर्बियात उतरलात की शेंगेन सोडलं. सिंगल एन्ट्री व्हिसा असेल तर तिथेच संपला. अशा मार्गासाठी अर्जातच मल्टिपल एन्ट्री मागा आणि ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढा. क्रोएशियात दुब्रोव्निकला रेल्वे जात नाही, स्प्लिटहून बस घ्यावी लागते. वाटेत न्यूम या गावापाशी शेंगेनबाहेरच्या बोस्नियाची छोटी किनारपट्टी आडवी येते. २०२२ मध्ये झालेल्या पेल्येशाच पुलावरून जाणारी बस क्रोएशियातूनच जाते. तिकीट काढताना तेवढं विचारून घ्या.

युरोपात राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे वरचेवर जाणाऱ्यांसाठी: एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांना, तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन नियमाने वापरले असतील तर, दोन वर्षांचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा मिळू शकतो, पासपोर्टची मुदत तेवढी असेल तर. तरीही कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा कायम राहते.

पास कोणाला कोणता?

युरोपबाहेर राहणाऱ्यांना युरेल, युरोपच्या नागरिकांना आणि रहिवाशांना इंटररेल. म्हणजे म्युनिकमध्ये नोकरी करणाऱ्या मुलाने इंटररेल घ्यायचा आणि त्याला भेटायला आलेल्या आईबाबांनी युरेल. पोर्तुगीज पासपोर्ट असलेले गोंयकार इंटररेलला पात्र ठरतात. या दोन्हींचा ग्लोबल पास ३३ देशांत चालतो; त्यात ब्रिटन, तुर्कस्तान, सर्बियासारखे शेंगेनबाहेरचे देशही येतात. म्हणून पास चालतो तिथे व्हिसाही चालतो असं समजू नका.

सलग दिवसांचा पास असतो, तसा दोन महिन्यांत हवे ते १० दिवस अशा प्रकारचाही. १२ ते २७ वयाच्या तरुणांना आणि ६० वर्षांवरील ज्येष्ठांना सवलत आहे. ४ ते ११ वयाच्या मुलांचा पास मोफत, एका मोठ्या माणसामागे दोन मुलांपर्यंत. नाव पासपोर्टप्रमाणेच भरा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, ते पासपोर्टवर असेल तर इथेही यायला हवं. गाडीत तिकीट तपासनीस पासपोर्ट मागू शकतो. खरेदीपासून ११ महिन्यांत पास सुरू करावा लागतो आणि सुरू केल्यावर परत करता येत नाही. व्हिसाचा शिक्का हाती आल्याशिवाय पास सुरू करायचं बटण दाबू नका.

पास म्हणजे जागा नव्हे. फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीच्या फ्रेच्चारोसा, स्पेनच्या एव्हीई, युरोस्टार या वेगवान गाड्यांना आणि रात्रगाड्यांना वेगळं पैसे भरून आरक्षण करावं लागतं आणि पासवाल्यांच्या जागा मोजक्या असतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधल्या बहुतेक देशांतर्गत गाड्यांत थेट चढता येतं. त्यामुळे मार्ग या देशांतून जास्त असेल तर पास खरोखर परवडतो. फक्त दोन-तीन लांबचे टप्पे असतील तर आधीच काढलेली सुटी तिकिटं बहुधा स्वस्त पडतात. शहरातली मेट्रो आणि ट्राम पासमध्ये नसते.

सीमेवर

देशादेशांत तपासणी नसते हे अर्धसत्य आहे. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गहून म्युनिकला जाताना पोलीस डब्यात येऊ शकतात, म्हणून पासपोर्ट वरच्या रॅकवरच्या बॅगेत नको, अंगावर हवा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमेवर प्रवेश-निर्गमाची डिजिटल नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यासाठी आधी अर्ज करायचा नसतो. एटियास परवाना व्हिसामुक्त देशांच्या नागरिकांसाठी आहे, भारतीय पासपोर्टला लागू नाही. त्याचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर सरळ बंद करा.